ट्यूब आणण्यापूर्वी डाग दाखवा

अंगावरचा खरखरीत, खपली धरणारा डाग महिनोन् महिने जात नाही, तेव्हा आपण त्याला गजकर्ण ठरवतो आणि औषधाच्या दुकानातून ट्यूब आणतो. ही सवय सोडलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा डाग क्वचित ‘बोवेनचा आजार’ असतो. ही त्वचेच्या कर्करोगाची अगदी पहिली पायरी. त्यावर स्टेरॉइडचे मलम चोळले की खाज, लाली कमी होते. रोग मात्र तसाच राहतो. उन्हाने होणारे खरखरीत डागही कर्करोगाकडे वळू शकतात. जन्मतःच केस व कातडी पांढरी असणाऱ्यांनी त्याबाबत विशेष जपावे.

डागाचा तुकडा तपासून निदान झाले की त्वचारोगतज्ज्ञ काही रुग्णांना ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल मलम देतात. ते साधारण ३ ते ४ आठवडे, सांगितले तेवढेच लावायचे. रोगट पेशी मरताना कातडी लाल होते, चुरचुरते, सोलते. हे अपेक्षितच असते. घाबरून मध्येच औषध सोडू नये. मात्र फार सूज, पू किंवा ताप आल्यास लगेच डॉक्टरांना गाठावे.

मलम लावल्यावर हात धुवावेत. डोळे, ओठ जपावेत. ऊन टाळावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे मलम वापरू नये. उरलेली ट्यूब शेजाऱ्याला देऊ नये.

दुकानदाराने चिठ्ठीशिवाय असले मलम देऊ नये, आणि आपणही मागू नये. डाग गेला तरी पुन्हा तपासून घ्यावे.