मशीन नंतर, आधी स्टँड!

ऑफिसात खुर्ची अर्धा इंच वर की खाली यावर मेलामेली करणारी आपली जमात. तीच मंडळी शनिवारी स्क्रोल सॉ डायनिंग टेबलवर ठेवून मान मोडेपर्यंत वाकतात! आमच्या राजोडीत नाताळच्या गोठ्यासाठी प्लायवूडची कमान कापायला बसलं, की दोन तास कसे गेले कळत नाही. मानेला मात्र बरोब्बर कळतं.

माझं मत सरळ आहे. भारी मॉडेलचे पैसे वाचवा आणि स्टँडवर घाला. बसल्यावर मशीनचं टेबल कोपराच्या उंचीला यायला हवं. मागच्या पायांखाली ठोकळे द्या, मशीन जरा आपल्याकडे झुकतं आणि रेषा न वाकता दिसते. खाली रबरी मॅट, थरथर कमी. पायाचा स्विच तर घ्याच. पातं तुटलं तरी दोन्ही हात लाकडावरच राहतात. पात्याचे दात खाली, ताण इतका की टिचकी मारली की टणत्कार यावा. ओतीव लोखंडी टेबलाला मेण चोळा, इथली खारी हवा कुणाला सोडत नाही.

आणि मास्क. "भुसाच तर आहे" म्हणणाऱ्यांनो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवलीये. मशीनची फुंकणी रेषेवरचा भुसा उडवते तो कुठे जातो वाटतं? त्यात वर पंखा फुल्ल! खिडकी उघडा राव, नाहीतर सरळ गॅलरीत बसा.