हीटर बंद, नळी मात्र चालू

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर मोटारीचा हीटर लावण्याची वेळ कोणावर येणार? म्हणून हीटरच्या होजपाइपकडे आपल्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हे मला चूक वाटते.

हीटर बंद असला, तरी बहुतेक गाड्यांत इंजिनाचे तापलेले कूलंट त्या रबरी नळीतून फिरतच असते. वाटेत झडप असली, तरी झडपेपर्यंत दाब असतोच. रेडिएटरच्या घट्ट झाकणामुळे दाब वाढतो आणि हे द्रव १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढताना नळी फुटली, की दाब एकदम उतरतो आणि वाफेचा लोट उठतो. तशीच गाडी रेटली तर इंजिनाचे हेड वाकते. अशा वेळी घाईने झाकण उघडणारा हात भाजून घेतो, ते वेगळेच.

विद्यार्थी मित्रांनो, नळी नुसत्या नजरेने तपासली तर फसगत होते. बाहेरून काळीभोर दिसणारी नळी आतून गेलेली असू शकते. कूलंट, रबरातील कार्बन आणि जोडाचा धातू यांचा मिळून एक क्षीण विद्युत्‌घट बनतो. (लिंबात तांबे-जस्त खोचून तुम्ही करता ना, त्याचाच हा भाऊ!) त्यामुळे क्लिपजवळ आतून बारीक भेगा पडतात. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर नळी बोटांनी दाबावी, आधी मध्ये, मग टोकाशी. टोक अधिक मऊ लागले, तर नळी बदलावी. फुगलेली, कडक झालेली किंवा तेलाने लिबलिबीत झालेलीही ठेवू नये.

काम मोठ्यांनीच करावे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. आधी कूलंट भांड्यात काढून घेतात. चिकटलेली नळी पिळून ओढली, तर हीटरची नाजूक तोटी मोडते. म्हणून टोक ब्लेडने उभे चिरतात. नवी नळी त्याच आतील व्यासाची हवी आणि क्लिप तोटीच्या उंचवट्यामागे बसायला हवी. शेवटी कूलंट भरून आत अडकलेली हवा काढतात. जुने कूलंट परसात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात.

शिक्षकांना एक विनंती. व्हल्कनीकरण शिकवताना चार्लस गुडइयर आणि १८३९ हे साल फळ्यावर लिहून थांबू नका. गॅरेजात टाकून दिलेली एखादी नळी मागून आणा, धुऊन वर्गात उभी चिरा, आणि टोकाजवळच्या भेगा मुलांना भिंगाखाली पाहू द्या.