धूळ किती, एवढंच विचारून भागणार नाही

श्रावण जवळ आला की ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या जुन्या मराठी घरांत कपाटातली चांदी बाहेर निघते. निरांजनं, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी. मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली असली तरी कडांवर पिवळसर, खोलगट नक्षीत तपकिरी आणि जिथे हवा जास्त पोचली तिथे निळसर काळी. चांदी काळी पडते ती नुसत्या ऑक्सिजनने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. सांडपाणी कुजताना सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे अब्जात दोन-चार रेणू असले तरी पुरतात. ते चांदीवर बसतात, मोडतात, गंधक धातूला चिकटतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर रेणूरेणूने वाढत जातो. आधी पिवळा, मग तपकिरी, मग निळा हा रंगबदल थराच्या वाढत्या जाडीमुळे दिसतो, आणि ही सगळी जाडी काही दशक नॅनोमीटरांच्या आतली असते. स्वर्णरेखा नदीचा नाला झालेल्या लष्कर भागात हा वायू कुठून येतो, ते वेगळं सांगायला नको.

भांडी रांगोळीने घासली की चकाकतात, पण दर घासण्यात थोडी चांदी कायमची जाते. त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ठेवून त्यावर गरम पाणी आणि सोडा घातला, तर गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. जयेंद्रगंजाच्याच पत्त्यावर असलेल्या जयविलास महालात, जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधून घेतलेल्या त्या वास्तूत, जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहायला देशभरातून माणसं येतात. अशा वस्तूची चमक टिकवायची तर घासण्याआधी हवेकडे बघावं लागतं.

चांदीवर जे चालतं तेच, वेगवेगळ्या रूपांत, जगातल्या प्रत्येक घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चालू असतं. तिथले अणू एका बाजूने उघडे असतात, त्यांचे काही बंध मोकळे राहतात, आणि येणाऱ्या रेणूला ते धरून ठेवतात, वाकवतात, तोडतात. आयर्विंग लँगम्यूरला याच विषयासाठी १९३२ चं नोबेल मिळालं, गेरहार्ड एर्टल यांना २००७ चं. लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू तुटणं ही अमोनिया बनवण्यातली सर्वांत संथ पायरी आहे, हे एर्टल यांनी दाखवलं. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या गुना जिल्ह्यात, विजयपूरच्या खत कारखान्यात युरियासाठी अमोनिया तयार होतो, तोही अशाच उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर. चंबळ-माळव्यातल्या गव्हाला लागणारा नत्र त्या पृष्ठभागावरून जातो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे सगळं प्रत्यक्ष पाहता येऊ लागलं. २००९ साली झुरिचच्या आयबीएम प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू चिकटवून पेंटासीन या रेणूची पाचही कडी टिपली गेली. २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी चांदीच्या पृष्ठभागावर अभिक्रियेआधीचा आणि नंतरचा रेणू, त्यातल्या बंधांसकट दाखवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नाकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने वायू हजर असतानाच पृष्ठभागावरचे अणू ओळखणारं उपकरण उभं केलं. ही शेवटची गोष्ट फार मोलाची. जुन्या उपकरणांना कडक निर्वात लागायचा, त्यामुळे पृष्ठभागावर एरवी असणारं पाण्याचं पातळ आवरण मोजमापाआधीच उडून जायचं. खऱ्या हवेत मात्र बहुतेक रसायन त्या आवरणातच घडतं.

या विद्येत भारतातलं एक जुनं आणि गंभीर काम ग्वाल्हेरमध्येच झालं आहे. झाशी रोडवरची डीआरडीई ही संरक्षण प्रयोगशाळा जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरीतून वाढली. संस्थानकाळाच्या अखेरीस उद्योगांसाठी उभी राहिलेली ही संस्था पुढे संरक्षण संशोधनाकडे गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिला आजचं नाव मिळालं. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर इथले शास्त्रज्ञ तिकडे धावले होते. रासायनिक अस्त्रांच्या बंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत ग्वाल्हेरचं नाव आहे. शहरात मात्र अलीकडे या संस्थेची चर्चा झाली ती भोवतालच्या दोनशे मीटरांतल्या बांधकामबंदीवरून. लोकांची घरं-दुकानं अडकली होती, तेव्हा ते साहजिक होतं. पण भिंतीच्या आत काय शिकलं गेलं, हे भिंतीबाहेर फारसं पोचलं नाही, आणि त्यात शहराचं नुकसान आहे.

वायुरोधक मुखवट्यातला कोळसा घ्या. एका ग्रॅम सक्रिय कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या पुढे जातो. जड रेणू त्यात अडकतात, पण हायड्रोजन सायनाइडसारखा लहान, चपळ रेणू निसटतो. म्हणून कोळशात तांबं, चांदी यांचे क्षार मुरवतात. तिथे सायनाइड रासायनिक बंधाने बांधला जातो. सल्फर मस्टर्ड या युद्धविषाचं उलट. कोळसा त्याला पकडतो, पण ते विष तसंच शिल्लक राहतं. डीआरडीईच्या शास्त्रज्ञांनी मॅग्नेशियम आणि मँगनीजची नॅनो आकाराची ऑक्साइडं, टायटॅनियाच्या नळ्या अशा पदार्थांवर हे विष मोडतं कसं, याचा अभ्यास करून शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट मस्टर्डमधला क्लोरिन काढून टाकतात आणि कमी घातक पदार्थ उरतो.

जगात याच्या पुढचं पाऊल टाकलं गेलं ते ‘मॉफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळीदार पदार्थांत. धातूच्या गाठी आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या या स्फटिकांच्या विकासासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. झिर्कोनियमचे असे पदार्थ प्रयोगशाळेत, पाण्यात, मज्जासंस्थेवर हल्ला करणारी विषं काही मिनिटांत मोडतात. पण २०१७ मध्ये व्हर्जिनिया टेक, एमरी आणि स्टोनी ब्रूकच्या संशोधकांनी विषासारख्याच पण सौम्य रेणूचा वायू घेऊन पाहिलं, तेव्हा अडचण दिसली: मोडून तयार झालेला पदार्थ झिर्कोनियमला घट्ट चिकटून बसतो आणि पुढच्या रेणूची जागा अडवतो. किती पदार्थ वापरला हे वजन त्या जागेबद्दल काहीच सांगत नाही; ती जागा मोकळी आहे की भरलेली, ते पाहावं लागतं.

नेमकी हीच दृष्टी ग्वाल्हेरच्या हवेकडे बघताना हवी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या प्रदूषित शहरांच्या यादीत इराणच्या झाबोलखालोखाल ग्वाल्हेरचं नाव होतं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम. भारताचं स्वतःचं मानक ४०. तेव्हापासून आकडे खाली आले आहेत, ही चांगली गोष्ट. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ग्वाल्हेर आहे. पण त्या कार्यक्रमात शहराची कामगिरी मोजली जाते ती पीएम १० वरून, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या जाड-बारीक धुळीच्या वजनावरून. साहजिकच पैसा वजनदार गोष्टीकडे जातो. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या तपासणीत देशभरातल्या खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर झाल्याचं आढळलं. पाण्याचे फवारे, झाडू मारणारी यंत्रं, कडेला फरसबंदी. उद्योगांच्या वाट्याला एक टक्कासुद्धा नाही.

रस्त्यावरची धूळ निरुपद्रवी नाही. ग्वाल्हेरभोवती वालुकाश्म आहे, बिलौआकडे खडी फोडणारे कारखाने आहेत, उन्हाळ्यात राजस्थानकडून आंधी येते. पण धुळीचा कण नुसता दगडाचा तुकडा असतो असं समजणं चूक आहे. कण हवेत तरंगत असताना त्याच्या पृष्ठभागावर वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बसत राहते. व्हिकी ग्रासियन यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं की चुनखडीच्या कणावर नायट्रिक आम्लाची वाफ बसली की त्याचं कॅल्शियम नायट्रेट होतं. त्याला पाण्याची इतकी ओढ असते की कोरड्या वाटणाऱ्या हवेतही कोनदार कण गोल थेंब होऊन जातो. सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल डोळ्यांनी दिसतो. धुळीच्या वजनाचा आकडा यातलं काही सांगत नाही. पण फुफ्फुसात शिरतो तो आता वेगळाच पदार्थ.

थंडीतल्या धुक्याचंही तसंच आहे. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये मांडलं की दिल्लीत कचरा आणि इतर गोष्टी जाळण्यातून, तसंच कारखान्यांतून हायड्रोजन क्लोराइड हवेत येतं, अमोनियाबरोबर ते बारीक कणांत उतरतं, कण पाणी शोषून फुगतात आणि नजरेसमोर पडदा पडतो. दिल्ली ते ग्वाल्हेर हा एकाच मैदानी हवेचा पट्टा आहे. लष्करातल्या गल्लीत रात्री प्लॅस्टिकसकट कचरा पेटवला जातो, तेव्हा धुळीच्या वजनात त्याचा वाटा किरकोळ दिसतो. रसायनात तो किरकोळ नसतो.

वजन आणि घात यांच्यातलं अंतर सर्वांत स्पष्ट दाखवलं ते स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेच्या संशोधकांनी, २०२० साली. युरोपातल्या कणांचं वजन प्रामुख्याने खनिज धूळ आणि हवेत तयार झालेले क्षार ठरवतात. पण पेशींवर ताण आणणारी कणांची ऑक्सिडीकरणाची ताकद लाकडाच्या धुरातून आणि ब्रेक-टायरच्या झिजेतून येते. ब्रेकमधलं तांबं, लोखंड फुफ्फुसातल्या ओलाव्यात विरघळतं आणि घातक ऑक्सिजन मूलकं तयार करत राहतं. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या हवा-नियमांत या ताकदीच्या मोजणीचा समावेश केला. ग्वाल्हेरमध्ये कणांची ताकद कशात आहे? ब्रेकच्या झिजेत, शेकोटीत, जनरेटरमध्ये, की खरोखरच खडीच्या धुळीत? युरोपचं उत्तर इथे लागू पडेलच असं नाही. म्हणून इथे मोजायला हवं.

अशी मोजणी आपल्याकडे झालेली आहे, आणि तीही सव्वाशे किलोमीटरांच्या आत. ताजमहालाचा संगमरवर पिवळट का पडतो, यासाठी आयआयटी कानपूर, जॉर्जिया टेक आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संगमरवराचे छोटे तुकडे काही महिने ताजवरच ठेवले आणि त्यांच्यावर बसलेले कण एकेक तपासले. २०१४ साली निष्कर्ष आला: धुळीबरोबरच तपकिरी झाक आणतो तो जळण्यातून आलेला सेंद्रिय कार्बन आणि काजळी. निव्वळ धुळीचं वजन करून हे कधीच कळलं नसतं. इमारतीसाठी एवढं झालं, तर त्याच हवेत श्वास घेणाऱ्या माणसांसाठी का होऊ नये?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक म्हणजे संरक्षण प्रयोगशाळेचं काम गोपनीय असतं. ते खरं आहे आणि तसंच असावं. पण पृष्ठभागावरच्या अभिक्रियांचं शास्त्र गोपनीय नाही; तिथल्याच शास्त्रज्ञांचे निबंध जगभरच्या नियतकालिकांत छापलेले आहेत. जिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांना त्या शास्त्रज्ञांनी पद्धती शिकवण्यात कुठलंही गुपित फुटत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो निम्माच खरा आहे. कणांमधले रासायनिक घटक सतत मोजणारी उपकरणं महाग असतात, ती प्रत्येक शहराला परवडणार नाहीत. पण धूळ गोळा करण्याचं काम आधीपासून चालू आहे. राष्ट्रीय हवा देखरेख कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ वेळा नमुने घेण्याची पद्धत आहे. गाळणकागदावर धूळ जमते, त्याचं वजन होतं, आकडा नोंदला जातो. वजन झाल्यावर त्याच कागदाचा एक तुकडा कापून विद्यापीठाकडे द्यावा. ऑक्सिडीकरणाची ताकद मोजणाऱ्या डीटीटी चाचणीला ३७ अंशांवर ठेवलेलं पाण्याचं भांडं, थोडी रसायनं आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. पदव्युत्तर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विभागात हे सगळं असतं.

काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागेल. कणांवरचे काही घातक पदार्थ लवकर नष्ट होतात, कागद कपाटात पडून राहिला तर चाचणी कमी दाखवते. नमुना काढल्याबरोबर थंड पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर तपासला पाहिजे. म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि विद्यापीठ यांच्यात लेखी करार हवा, आठवड्यातले दोन दिवस ठरलेले हवेत आणि नमुना नेणारं एक माणूस हवं. ऑक्टोबरात सुरुवात केली तर दिवाळीचे फटाके, डिसेंबर-जानेवारीच्या शेकोट्या आणि मे महिन्यातली आंधी या तिन्ही हवा एकाच अभ्यासात येतील, आणि महापालिकेला पुढच्या वर्षीचा पैसा फवाऱ्यांवर घालायचा की कचरा जाळणं थांबवण्यावर, हे आकडे समोर ठेवून ठरवता येईल.