अनामत म्हणजे पट्टी नव्हे

घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी व्यापारी गोणीतले दोन कांदे तळहातावर फिरवून पाहतो, वक्कलाचा भाव पुकारला जातो आणि पुढे शेतकरी अडत्याच्या गाळ्यावर पट्टी घ्यायला उभा राहतो. परवाना घेताना आपण बाजार समितीकडे अनामत ठेवलीच आहे, तेव्हा पट्टीचे पैसे तिच्यातूनच वळते करून घ्या, असे व्यापाऱ्याने सांगितले, तर त्याला अस्सल नगरी भाषेत जे उत्तर मिळेल ते येथे छापण्याजोगे नाही. परंतु हाच युक्तिवाद जेट एअरवेज या विमान कंपनीच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात मोठ्या गांभीर्याने मांडला गेला आणि अपिलीय न्यायाधिकरणाने तो मान्यही केला.

1993 साली उड्डाणे सुरू केलेली ही कंपनी 17 एप्रिल 2019 च्या रात्री जमिनीवर उतरली, तेव्हा सुमारे 20,000 माणसांची उपजीविका तिच्यावर अवलंबून होती. टीपीजी कॅपिटल, इंडिगो पार्टनर्स अशा खासगी भांडवलाच्या नामांकित पेढ्यांनी चौकशी केली खरी, पण थैलीचे तोंड सोडण्याची वेळ येताच त्या दिसेनाशा झाल्या. अखेर लंडनची गुंतवणूक पेढी कालरॉक कॅपिटल व व्यावसायिक मुरारीलाल जालान यांच्या संघाची पुनरुज्जीवनाची योजना प्रथम धनकोंनी आणि 22 जून 2021 रोजी मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केली. धनकोंचे दावे सुमारे 7,800 कोटींचे; त्यांपोटी देऊ केलेले 4,783 कोटी, तेही हप्त्यांनी; आणि पहिला हप्ता 350 कोटींचा. त्यांपैकी 200 कोटी आले, उरलेल्या 150 कोटींसाठी संघाने बोट दाखविले ते योजना पार पाडण्याची हमी म्हणून ठेवलेल्या तेवढ्याच रकमेच्या बँक हमीकडे! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये ही रक्कम रोख भरण्यास फर्मावले, ती भरली गेली नाही, तरीही मार्चमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने मालकीचे हस्तांतर कायम ठेवले. शेवटी 7 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अनुच्छेद 142 खालील अधिकार वापरून भरलेले 200 कोटी जप्त केले आणि कंपनी अवसायनात काढली.

भांडवलदाराने नफा पाहावा यात गैर काही नाही. तो धर्मशाळा बांधायला आलेला नसतो. माझी तक्रार आहे ती कालहरणाविषयी. दिवाळखोरीच्या कायद्याने 330 दिवसांची कमाल मुदत घातलेली असताना साडेपाच वर्षे गेली, आणि विमान कंपनीला काळ जितका मारतो तितका दुसऱ्या कोणत्याही धंद्याला मारीत नाही. आपल्या जिल्ह्यात दोन-तीन हंगाम बंद राहिलेल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याभोवती बाभळी माजतात हे खरे, पण जमीन, गाळपयंत्रे आणि भोवतालचा ऊस जागच्या जागी असतो. नवा धनी आला, बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की चिमणी पुन्हा धुरावते. विमान कंपनीची विमाने बहुतांशी भाड्याची, विमानतळांवरील वेळा तत्काळ इतरांच्या पदरात, आणि वैमानिक महिन्याभरात दुसऱ्या गणवेशात. त्यात ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने विमाने दिवाळखोरीच्या स्थगितीतून वगळली. म्हणजे मालक ती आता लगेच नेऊ शकतात.

यास्तव अशा कंपनीच्या खरेदीदाराकडून पहिला हप्ता योजना मंजूर होण्यापूर्वीच रोख भरून घ्यावा, हमी निराळी ठेवावी आणि त्या हप्त्यातून सर्वप्रथम नोकरांचा भविष्यनिर्वाह निधी व उपदान चुकते करावे. जेटच्या नोकरांची ही देणी द्यावीत असा आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने 2022 मध्ये दिला होता, पुढल्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले होते. पण देणारी योजनाच निजली, तेथे आदेश काय करील? आता थकलेल्या वेतनासाठी त्याच दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 ची उतरंड: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे 24 महिन्यांचे वेतन तारणधारक बँकांच्या बरोबरीने, आणि त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे. नगर अर्बन बँकेचा परवाना 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचे छत्र होते. पगारावर तसला विमा कोणी उतरविलेला नाही.