यंत्रहमालाची लेव्ही

गोदामात यंत्रमानव आला म्हणजे हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरेल, असा युक्तिवाद हल्ली सुशिक्षित मंडळी मोठ्या उत्साहाने करीत असतात. आमच्या विष्णुपुरीस विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही असल्यामुळे तो आमच्या कानी जरा अधिकच पडतो. युक्तिवाद दयेचा आहे. म्हणूनच तो पारखून घेतला पाहिजे.

हमालाचे ओझे आजवर कोणी उतरविले? शंभर किलोंचे पोते पन्नासांवर आणा, ही मागणी डॉ. बाबा आढावांसारख्यांनी आणि हमालांच्या संघटनांनी लावून धरली. कोणा यंत्राने नव्हे. मोंढ्यातील हमाल सकाळी एका आडत्याचा, दुपारी दुसऱ्याचा, आणि आजारी पडला की कोणाचाच नाही, अशी स्थिती होती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक व हमाल या दोघांची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. ही युक्ती कोणत्याही यंत्राइतकीच बुद्धीची आहे, पण तिचे कौतुक आमच्या पदवीधरांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते.

आता यंत्राकडे वळू. अ‍ॅमेझॉनने २०१२ साली किवा नावाची कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे बुटके यंत्र मांडणीखाली शिरते, ती उचलते आणि माणसापुढे आणून उभी करते. माणसाने जागीच उभे राहून वस्तू काढावयाच्या. चालण्याचे श्रम गेले, हे खरे. पण दोन मांडण्यांमधली चार पावलांची उसंतही त्यांबरोबर गेली. २०२५ मध्ये या कंपनीच्या यंत्रांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. हे वारे भिवंडीच्या गोदामांत शिरले की मोंढा काही फार दूर नाही.

यंत्र येऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. लेव्ही बसते मजुरीवर. यंत्रास मजुरी नाही, म्हणून लेव्हीही नाही. म्हणजे जो माणसे ठेवील त्याने भरावे आणि जो माणसे काढील त्याने सुटावे! मग ‘कायद्यानेच हमाल महाग झाला’ असे म्हणावयास अर्थशास्त्री मोकळे. तेव्हा लेव्ही मजुरीवर न बसविता हललेल्या मालावर बसवावी; पोते माणूस उचलो की यंत्र.

असे केल्यास धंदा परप्रांती जाईल, अशी हाकाटी होईलच. पण तूर लातुरास पिकते आणि गिऱ्हाईक मुंबईस राहते. या दोहोंपासून दूर नेलेले गोदाम व्यापाऱ्याच्या कोणत्या उपयोगाचे?

‘हमालाचा मुलगा यंत्र दुरुस्त करावयास शिकेल,’ असेही आम्हांस ऐकविले जाते. अवश्य शिकेल. परंतु त्याच्या चार वर्षांच्या शुल्काची तजवीज बापाच्या मजुरीतूनच व्हावयाची आहे, आणि ती मजुरी बंद पडावयाची तीही कदाचित त्याच चार वर्षांत.