नव्व्याण्णव माणसं आणि एक कलम

आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ साली सार्वमताने एक कलम आलं. गर्भातल्या जिवाला आईइतकाच जगण्याचा हक्क, असा त्याचा आशय. कागदावर ते कुणालाही पटावं असं होतं. इस्पितळाच्या खाटेवर त्याचा अर्थ काय होतो, हे जगाला २०१२ च्या ऑक्टोबरात गॅल्वे शहरात दिसलं. बेळगावची सविता हलप्पनवार तिथे दंतवैद्य होती. वय ३१, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. सविताने गर्भपाताची विनंती केली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली.

मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, संसदेत भाषणं झाली. तरी ते कलम जायला २०१८ उजाडलं. कुठलाच मोठा पक्ष त्याला हात लावायला धजत नव्हता, कारण मतं जाण्याची भीती दोन्हीकडून होती. ही कोंडी फुटण्यात मोठा वाटा उचलला तो खासदार नसलेल्या, कुठल्याही पक्षाच्या यादीत नाव नसलेल्या नव्व्याण्णव माणसांनी. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि मला ते बोलणं आज फार गरजेचं वाटतं.

याची सुरुवात गर्भपाताच्या प्रश्नातून झालीच नव्हती. २००८ नंतर आयर्लंडच्या बँका बुडाल्या. २०१० च्या नोव्हेंबरात युरोपीय संघ आणि नाणेनिधीची मदत असलेली ८५ अब्ज युरोंची योजना स्वीकारायची वेळ आली. घरं बँकेकडे गेली, तरुण पोरं देश सोडून निघाली आणि राजकारण्यांवरचा विश्वास पार उडाला. अशा वेळी राज्यशास्त्राचे काही प्राध्यापक आणि डब्लिनच्या ॲबी थिएटरचे संचालक फीआख मॅक कॉनहाल यांनी पुढाकार घेतला आणि २०११ मध्ये ‘वुई द सिटिझन्स’ नावाचा उपक्रम उभा केला. सरकारी आदेश नव्हता, पैसा एका धर्मादाय संस्थेचा होता. देशात ठिकठिकाणी सभा घेऊन त्यांनी लोकांना काय खुपतंय ते ऐकलं. मग किल्मेनहमच्या जुन्या रॉयल हॉस्पिटलच्या इमारतीत शंभर सामान्य नागरिक शनिवार-रविवार बसवले. चर्चेआधी लोकांची मतं काय होती आणि नंतर काय झाली, हे त्यांनी मोजून ठेवलं. माहिती हाती आली आणि समोरच्याचं ऐकायला वेळ मिळाला की माणसं मत बदलतात, हे त्यांना आकड्यांत दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी मागणीपत्र देऊन वाट पाहिली नाही. जे व्हायला हवं ते लहान प्रमाणात स्वतः करून दाखवलं.

त्याच वर्षी निवडून आलेल्या आघाडी सरकारने घटना परिषदेचं आश्वासन दिलं होतंच. ती २०१२ च्या अखेरीस बसली. ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी, असं या परिषदेत ७९ टक्क्यांनी सांगितलं. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी त्यावर शिक्का मारला. कॅथलिक चर्चचा शब्द जिथे पिढ्यान्पिढ्या चालत आला, त्या देशाची ही गोष्ट.

मग गर्भपाताच्या त्या कलमाचा विचार करायला २०१६ मध्ये नागरिक सभा आली. या वेळी राजकारणी बाहेर. जनमत चाचणी करणाऱ्या एका संस्थेची माणसं दारोदार फिरली आणि वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचा मेळ राखून ९९ जण निवडले. अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. सदस्यांना मानधन नव्हतं, फक्त खर्च मिळायचा. डब्लिनजवळ मॅलहाइडच्या एका हॉटेलात ते शनिवार-रविवार जमत. गोल टेबलं, प्रत्येक टेबलाभोवती सात-आठ माणसं. एक जण चर्चा सांभाळणारा आणि एक टिपणं घेणारा. मोठ्या आवाजाच्या माणसाने सगळा वेळ खाऊ नये आणि गप्प बसलेल्या बाईलाही बोलतं करावं, हे चर्चा सांभाळणाऱ्याचं काम. घटनातज्ज्ञ आले, स्त्रीरोगतज्ज्ञ आले, नीतिशास्त्राचे अभ्यासक आले. कलम हवं म्हणणाऱ्या आणि नको म्हणणाऱ्या संघटनांना सारखाच वेळ मिळाला. लोकांकडून बारा हजारांहून जास्त निवेदनं आली. ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं होतं अशा सहा स्त्रियांचे अनुभव ध्वनिमुद्रित करून सभेला ऐकवले गेले. चेहरा नाही, नाव नाही, फक्त आवाज. घोषणा देऊन तो आवाज दाबता येत नाही, आणि मध्येच उठूनही जाता येत नाही, कारण आपल्याला तिथे ऐकण्यासाठीच बोलावलेलं असतं.

एप्रिल २०१७ मध्ये मतदान झालं. कलम आहे तसं ठेवू नये, असं ८७ टक्के म्हणाले. कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी, असं ६४ टक्के म्हणाले. राजधानीतले जाणते लोक हादरले. नवखी माणसं जरा जास्तच पुढे गेली, देश इतका पुढे जाणार नाही, असा सूर निघाला. २५ मे २०१८ ला देशाने मतदान केलं, तेव्हा कलम काढा म्हणणारे ६६.४ टक्के निघाले. दुसऱ्या दिवशी डब्लिन कॅसलच्या आवारात निकाल जाहीर होताना गर्दी सविताच्या नावाचा गजर करत होती. तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

म्हणजे नागरिक बसवले की सगळं साधतं, असं मात्र नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठीची किमान वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणायचा घटना परिषदेचा प्रस्ताव २०१५ मध्ये ७३ टक्के मतदारांनी फेटाळला. मतदानाचं वय १६ करा ही परिषदेची शिफारस सरकारने पुढे नेलीच नाही. मार्च २०२४ चा धडा तर जास्त बोचरा आहे. घरातल्या आजारी-म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्यांना आधार देण्याची जबाबदारी शासनावर टाकावी, असं पुढच्या एका नागरिक सभेने सुचवलं होतं. सरकारने शब्द बदलून शासन ‘झटेल’ इतकंच घटनेत लिहायचं ठरवलं. जवळपास ७४ टक्के लोकांनी नाही म्हटलं. नागरिकांनी मेहनतीने ठरवलेले शब्द मंत्रालयात पातळ झाले, हे त्या पराभवाचं एक मोठं कारण होतं असं मी मानतो. आइसलँडचं दुखणं वेगळं. तिथे २०१० मध्ये साडेनऊशे नागरिक एका दिवसासाठी जमले, मग २५ जणांनी नवी घटना लिहिली, २०१२ च्या सल्लागार सार्वमतात दोनतृतीयांश मतदारांनी ती उचलून धरली आणि संसदेने ती तशीच ठेवून दिली. सभेने सांगितलेल्या गोष्टीवर ठरल्या मुदतीत होय किंवा नाही म्हणण्याचं बंधन सरकारवर नसेल, तर लोकांचे रविवार फुकट जातात.

आपली आणि आयर्लंडची घटनेपुरती जुनी ओळख आहे. मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण त्यांच्या १९३७ च्या घटनेतून घेतली. त्यांच्याकडे मात्र घटनेतला प्रत्येक बदल सार्वमतातूनच जातो. आपल्याकडे अनुच्छेद ३६८ प्रमाणे संसदेचं विशेष बहुमत, आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती. त्यात मतदाराला थेट जागा नाही. घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवून सूचना मागवल्या होत्या. २००० साली घटनेच्या कामकाजाचा आढावा घ्यायला न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांचा आयोग बसला, तो जाणकारांचा. आयोगाने २००२ मध्ये अहवाल दिला, आणि गावोगावच्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही.

पण बसून, समजून घेऊन ठरवण्याची रीत आपल्याला परकी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यास गट करून कायदे वाचले, सर्वसहमती होईपर्यंत ग्रामसभा लांबवली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. सोडतही आपलीच. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात गावसमितीची माणसं घागरीतल्या चिठ्ठ्यांतून निवडण्याचा नियम कोरला आहे. चिठ्ठी काढायची ती लहान मुलाने. आजही सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत शाळकरी पोराच्या हातून निघते. पद वाटायला सोडत चालते, तर विचार करायला माणसं बसवण्यासाठी का चालू नये?

म्हणून माझं म्हणणं असं, की किल्मेनहमसारखा प्रयोग आपल्याकडे एखाद्या तालुक्याने करावा. एकदम घटनादुरुस्तीला हात घालायची घाई नको. पक्षांतराला आळा कसा घालायचा, किंवा धरणातलं पाणी आधी कुणाला, असा एकच प्रश्न घ्यावा. मतदार यादीतून सोडतीने पन्नास माणसं काढावीत, त्यांत निम्म्या बाया. महाविद्यालयाचं सभागृह, चार रविवार, दोन्ही बाजूंचे जाणकार. आमदार-खासदारांनी आधी लेखी द्यावं, की सभेच्या निष्कर्षाला तीन महिन्यांत जाहीर उत्तर देऊ. आयर्लंडच्या सभेत मानधन नव्हतं. मध्येच सोडून गेलेल्या सदस्यांच्या जागी नवे शोधताना ती जनमत चाचणीवाली संस्था अडचणीत आली, आणि सात जणांची भरती ओळखीतून झाल्याचं पुढे उघड झालं. आपल्याकडे ही अडचण दसपट. ऊसतोडीची किंवा खुरपणीची मजुरी सोडून रविवारी सभेला येणाऱ्या बाईचा रोज बुडतो. तो तिला त्याच दिवशी, सभा सुरू होण्याआधी हातात मिळाला पाहिजे. लेकरू सांभाळायला कुणी तरी हवं, आणि घरी सोडायला गाडी हवी. हे खर्चाच्या यादीत पहिलं लिहावं, मंडप आणि हार-तुरे नंतर.