‘डनेडिन’ने जगाची भूक भागवली नाही

१/ शीतकरणाच्या इतिहासात एक कथा हमखास सांगितली जाते. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज लंडनकडे निघाले. त्याच्या तळघरात सुमारे ५,००० सोललेल्या मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मटण होते. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचले, तेव्हा एवढ्या मालापैकी अवघा एक नग बाद ठरला. कथेचे तात्पर्य असे की यंत्राने अंतर जिंकले आणि जगाची भूक भागली.

२/ कथेतील तारखा आणि आकडे खरे आहेत. तात्पर्य मात्र खोटे आहे. थंडी अन्न निर्माण करीत नाही, ती फक्त अन्नाचा नाश लांबवते. वाचलेले अन्न कोणाच्या ताटात जाईल हे बाजार ठरवतो, आणि ते कोणाच्या जमिनीवर पिकेल हे सत्ता ठरवते. या दोन्ही गोष्टी गाळल्या की इतिहासाची जाहिरात होते.

३/ प्रथम शोधाविषयी. ‘डनेडिन’ हे पहिले शीत जहाज नव्हते. जेम्स हॅरिसन याने १८७३ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून ऑस्ट्रेलियाचे मांस इंग्लंडला पाठवले; ते वाटेतच नासले. शार्ल तेलिये याचे ‘ल फ्रिगोरिफिक’ १८७६ मध्ये फ्रान्समधील रूआँहून ब्युनॉस आयर्सला गेले. पाठोपाठ फेर्दिनां कारे याच्या अमोनिया यंत्राने सज्ज ‘पाराग्वे’ने अर्जेंटिनाचे गोठवलेले मटण फ्रान्सला पोहोचवले. १८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेव्हन’ ऑस्ट्रेलियाचे मांस घेऊन लंडनला लागले.

४/ तरीही ‘डनेडिन’ची सफर थरारक होती, हे नाकारण्याचे कारण नाही. शीतयंत्राच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडे पेटण्याची भीती होती. उष्ण कटिबंधात वारा पडला आणि तळघरात थंड हवा नीट फिरेना. कप्तान जॉन व्हिटसन हवेच्या नळीत शिरून नवी भोके पाडू लागला आणि गारठून बेशुद्ध पडला. दोरीने ओढून काढल्यामुळे तो वाचला. ही माणसे शूर होती. परंतु सफर शौर्याची असली म्हणून ती परोपकाराची ठरत नाही.

५/ सफरीमागे कोण होते? न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनी. नावातच ‘लँड’ आहे. स्कॉटलंडच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या या कंपनीपाशी प्रचंड जमीन आणि अगणित मेंढ्या होत्या. लोकरीचे भाव घसरत होते आणि मटणाला स्थानिक गिऱ्हाईक नव्हते. जादा मेंढ्या चरबीसाठी उकळल्या जात. विल्यम डेव्हिडसन आणि टॉमस ब्रायडन या कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न जगाच्या उपासमारीचा नव्हता, न विकल्या जाणाऱ्या मालाचा होता.

६/ आता जमिनीविषयी. या मेंढ्या ओमारू गावाजवळच्या टोटारा या कंपनीच्या मळ्यावर कापल्या गेल्या. तो प्रदेश मुळात न्गाई ताहू या माओरी जमातीचा. १८४८ च्या ‘केम्प्स डीड’ या कराराने सुमारे २ कोटी एकर जमीन २,००० पौंडांत ब्रिटिश सत्तेकडे गेली. जमातीसाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याचे वचन होते. प्रत्यक्षात ६,५०० एकरही राखले गेले नाहीत. माटिआहा तिरामोरेहू या प्रमुखाने १८४९ मध्येच लेखी तक्रार केली होती.

७/ १८७७ मध्ये हिपा ते मायहारोआ या धर्मनेत्याने आपल्या लोकांना वायताकी नदीच्या खोऱ्यातून वर, ओमारामा येथे नेले. अंतर्भागातील ही जमीन कधी विकलीच गेली नव्हती, असा त्यांचा दावा होता. मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणाऱ्या जमीनदारांनी तक्रारी केल्या. १८७९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, सशस्त्र पोलिसांनी ही वस्ती उठवली. बायका-मुले-म्हातारे नदीकाठाने खाली समुद्राकडे चालत गेले.

८/ वायताकी नदी ओमारूच्या थोडी उत्तरेस समुद्राला मिळते. वस्ती उठली त्यानंतर अडीच वर्षांनी त्याच भागातील मेंढ्या ‘डनेडिन’वर चढल्या. शीतकरणाच्या कथेत व्हिटसनची नळी येते, ओमारामाची वाट येत नाही. न्गाई ताहूंच्या तक्रारींना न्याय मिळण्यास १९९८ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने राजसत्तेने माफी मागितली आणि १७ कोटी न्यूझीलंड डॉलरची भरपाई मान्य केली.

९/ हा एका देशाचा अपवाद नव्हे. ‘पाराग्वे’च्या सफरीनंतर लगेचच, १८७९ मध्ये, अर्जेंटिनात जनरल हुलिओ रोका याने दक्षिणेकडील मूळ रहिवाशांवर मोठी लष्करी मोहीम काढली. त्या मोहिमेला अधिकृत नाव मिळाले ‘वाळवंटावरील विजय’. जणू तेथे माणसे नव्हतीच. मोकळी ‘केलेली’ कुरणे मोजक्या जमीनदारांच्या हाती गेली. १८८३ मध्ये कँपाना येथे निर्यातीसाठी मांस गोठवणारा कारखाना सुरू झाला. बंदूक आणि बर्फ एकाच दशकात आले. बंदुकीने रिकाम्या केलेल्या कुरणांना बर्फाने गिऱ्हाईक मिळवून दिले.

१०/ यावर एक आक्षेप रास्त आहे. ब्रिटनच्या कामगाराला स्वस्त मटण मिळाले, हे खोटे आहे काय? खोटे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या ताटातील मांस खरोखर वाढले. न्यूझीलंडमधील छोट्या दूध उत्पादकांनाही लोणी-चीजच्या निर्यातीमुळे स्थैर्य आले. हा लाभ मान्य करावाच लागतो. पण तो ज्यांच्या हाती मजुरी होती आणि ज्यांच्या नावे जमीन होती, त्यांना मिळाला. त्याला ‘जगाची भूक’ म्हणायचे, तर जगाच्या व्याख्येतून बाकीचे लोक आधी वगळावे लागतात.

११/ वगळलेल्यांत दख्खनही होते. १८७६ च्या सप्टेंबरमध्ये ‘ल फ्रिगोरिफिक’ने रूआँ सोडले, त्याच सुमारास सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत पावसाने दगा दिला होता. दुष्काळ पडला तेव्हा आगगाडी होती, बंदरे होती, जहाजेही होती. धान्याला तर शीतयंत्राचीही गरज नसते. तरी माणसे मेली, कारण रेल्वेने आलेल्या धान्याचे दर मजुराच्या आवाक्याबाहेर होते.

१२/ देशातून धान्याची निर्यात चालूच राहिली. ती थांबवणे सरकारला मुक्त व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध वाटले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला सुमारे एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरेशी ठरवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. उपासमार ही अन्नाच्या अभावापेक्षा अन्नावरील हक्काच्या अभावातून होते, हा सिद्धान्त अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडला. दख्खनच्या मजुराने तो शंभर वर्षे आधी भोगला होता.

१३/ हा विषय केवळ जुन्या कागदांपुरता नाही. आज नाशिकची द्राक्षे प्री-कूलिंग करून, शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या रीफर कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरातून युरोपला जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे युरोपने ती अडवली आणि बागायतदार कर्जात रुतले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास लांबला, भाडे वाढले.

१४/ कंटेनरमधील तापमान क्षणोक्षणी नोंदले जाते. जोखमीची वाटणी मात्र कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. परदेशातील दुकानदार दर ठरवतो, जहाज कंपनी भाडे ठरवते, आणि माल बाद झाला की त्याचा भार घरंगळत बागेपर्यंत येतो. तरीही ‘कोल्ड चेन आली की शेतकरी श्रीमंत होईल’ असे भाषणांतून सांगितले जाते. १८८२ च्या कथेचे हेच आजचे रूप.

१५/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या गौरवकथेला तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाकडून आली? दर कोणी ठरवला? माल नासला तर तोटा कोणाचा? ‘डनेडिन’ १८९० मध्ये लंडनला जाताना सर्व खलाशांसह बेपत्ता झाले, पण त्याची कथा अजून बंदरोबंदरी फिरते आहे. ती जरूर सांगावी. मात्र तिची सुरुवात पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्यावरून नव्हे, ओमारामाहून उठवलेल्या वस्तीपासून करावी.